सगळी मशीन ‘अप टू डेट’, आणि आकडे तीन

बुधवार, १० जानेवारी २०२४. सकाळी पावणेदहाला फोन वाजला तेव्हा मी विजापूर रोडवरच्या एका दवाखान्यात प्रिंटरच्या पोटात अडकलेला कागद ओढत बसलो होतो. फोन अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो.

“सर, फाइल एकच आहे अन् हिशोब तीन दाखवायलंय. कंटेनर उद्या निघायचाय. हातातलं काम ठेवा अन् या बघू आधी.”

उद्या म्हणजे अकरा तारीख. डिसेंबरचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरणपत्र, भरायचा शेवटचा दिवस तोच. त्यात सोलापूरची गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराची, चारपाच दिवसांवर आलेली. एकदा अक्षता सोहळा आला की आमच्या गावात कुणी कुणाचं काम ऐकत नाही. अर्धा स्टाफ नंदीध्वजांच्या मागे आणि उरलेला होम मैदानावर पाळण्यात. जे काय करायचं ते त्याच्या आत, हे अण्णांना ठाऊक होतं आणि मलाही.

या कारखान्याची संगणक देखभाल माझ्याकडे सहा वर्षं आहे. एकूण मशीन नऊ. ऑफिसात सात, अण्णांच्या केबिनमध्ये एक, गोडाऊनला एक. सगळ्यांची कामं एका सामायिक फोल्डरमधून चालतात आणि त्या फोल्डरचा राजा म्हणजे ‘ऑर्डर शीट’ नावाची एक्सेल फाइल. पार्टी, साइज, जीएसएम, डझन, कार्टन, वजन, सगळं तिच्यात. एक्स्पोर्टचे दादा ती भरतात, गोडाऊनचा पोरगा तिच्यावरून पॅकिंग लिस्ट काढतो, अकाउंटच्या मॅडम तिच्यावरून बिलं बनवतात.

पोचल्यावर अण्णांनी मला तीन टेबलांवरून फिरवलं. एका परदेशी पार्टीच्या एकूण कार्टनचा आकडा दादांच्या स्क्रीनवर ६१२ होता. गोडाऊनमधून काल संध्याकाळी छापून आलेल्या पॅकिंग लिस्टवर तोच आकडा ५९८. आणि मॅडमच्या स्क्रीनवर आकडाच नव्हता, तिथे ‘#नेम?’ अशी पाटी लागली होती, सूत्रातलं नाव कळलं नाही की एक्सेल लावतं ती.

खरा आकडा कोणता, हे संगणकाने सांगितलंच नाही. गोडाऊनचे सुपरवायझर मामा काखेत लाल वही मारून उभे होते. ती उघडून म्हणाले, “सहाशे बारा. मी स्वतः मोजलेत. तुमचं ते छापील कायबी म्हणू द्या.” चौदा कार्टनचा फरक कागदावर तसाच पुढे गेला असता तर न्हावा शेवा बंदरात काय झालं असतं, यावर अण्णा काही बोलले नाहीत. चहा मात्र तिसऱ्यांदा मागवला.

अपडेट, रिपेअर आणि एक हुशार पोरगा

माझ्या आधी तिथे एक उपचार सुरू झाला होता. अकाउंटला नव्याने लागलेल्या मुलाने ‘#नेम?’ पाहिलं आणि त्याला वाटलं, एक्सेल जुनं झालंय, अपडेट मारू. त्याने मॅडमच्या मशीनवर आवृत्ती बघितली. आकडा १६.० ने सुरू होत होता. म्हणजे ऑफिस २०१६, असं समजून त्याने २०१६ चं सुरक्षा अपडेट शोधून उतरवलं आणि चालवलं. उत्तर आलं की या पॅकेजचा संबंध असलेलं कुठलंही प्रॉडक्ट या संगणकावर नाही. दादांच्या मशीनवर तेच उत्तर. केबिनमध्ये तेच. गोडाऊनच्या जुन्या डबड्यावर मात्र ते सुरळीत बसलं.

त्याने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता आणि साफ उलटा होता. जिथे अपडेट बसलं ते मशीन ठणठणीत, जिथे बसलं नाही तिथलं ऑफिस बिघडलेलं! म्हणून त्याने मॅडमच्या मशीनवर ‘ऑनलाइन रिपेअर’ लावून दिलं होतं. मी पोचलो तेव्हा ते अर्ध्यावर होतं, मॅडम रिकाम्या हाताने बसलेल्या आणि मुलाचा चेहरा उतरलेला.

मी त्याला रागावलो नाही, कारण १६.० या आकड्याने भल्याभल्यांना फसवलंय. ऑफिस २००७ चा अंतर्गत क्रमांक १२, २०१० चा १४ (मधला १३ अशुभ म्हणून गाळला), २०१३ चा १५, २०१६ चा १६. इथपर्यंत क्रमांकावरून पिढी ओळखता येत होती. त्यानंतर २०१९ आलं, २०२१ आलं, दर महिन्याला बदलणारं मायक्रोसॉफ्ट ३६५ आलं, आणि सगळ्यांनी १६.० हेच आडनाव लावलं. आता आडनावावरून घर सापडत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ऑफिस संगणकावर दोन पद्धतींनी बसतं. जुनी पद्धत विंडोज इन्स्टॉलरची, तिला एमएसआय म्हणतात. तिच्यात प्रत्येक अपडेट म्हणजे कपड्याला लावायचं ठिगळ असतं. ते सुटं उतरवता येतं, हाताने लावता येतं, आणि लावण्याआधी खाली नेमकं कोणतं कापड आहे हे ते तपासतं. नवी पद्धत क्लिक-टू-रन. तिच्यात ठिगळ नसतं. ऑफिस स्वतःच मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातं, आपल्या वाट्याची पूर्ण नवी आवृत्ती कोणती ते विचारतं आणि फरकापुरत्या फाइली ओढून स्वतःला बदलून घेतं. ऑफिस २०१६ ची सुटी अपडेटं एमएसआयवाल्यांसाठीच असतात, क्लिक-टू-रनला ती लागतच नाहीत. हे ओळखायची साधी खूण अशी की, एक्सेलच्या फाइल मेनूत अकाउंट उघडलं आणि ‘अपडेट ऑप्शन्स’चं बटण दिसलं तर ते क्लिक-टू-रन. बटणच नसेल तर जुनी पद्धत.

गोडाऊनच्या मशीनवर बटण नव्हतं. बाकी आठांवर होतं.

रिपेअरचं म्हणाल तर क्लिक-टू-रनचं ऑनलाइन रिपेअर म्हणजे ऑफिस पुन्हा नव्याने बसवणं. पण ते बसतं त्याच नळाच्या पाण्याने, जो आधीपासून जोडलेला आहे. नळ चुकीचा असेल तर तीनेक जीबी उतरवून आपण पुन्हा जिथल्या तिथे. आणि तसंच झालं. रिपेअर संपलं, मॅडमनी फाइल उघडली, ‘#नेम?’ होतं तिथेच.

कॅलेंडरच्या मागचा तक्ता

मी २०२३ च्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नऊ रेघा ओढल्या. प्रत्येक मशीनपाशी जाऊन चार गोष्टी लिहिल्या: पद्धत कोणती, आवृत्ती कोणती, चॅनेल (म्हणजे नवी आवृत्ती ज्या वाटेने येते ती वाट) कोणतं आणि अपडेटच्या खाली काय लिहिलंय. पाऊण तास गेला. असं काम करताना लोकांना वाटतं आपण काहीच करत नाही. अण्णा दोनदा डोकावून गेले.

तक्ता भरल्यावर चित्र असं निघालं. दादांचं मशीन, त्यांच्या शेजारचं आणि अण्णांच्या केबिनमधलं, ही तीन बीटा, म्हणजे चाचणीच्या, चॅनेलवर, आवृत्ती २४०१. मॅडमचं एक सहामाही एंटरप्राइझ चॅनेलवर, आवृत्ती २३०२. चार मशीन करंट चॅनेलवर, पण त्यातही दोन २३१२ वर आणि दोन अजून २३११ वर, कारण नवी आवृत्ती सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतात. आणि गोडाऊनला एमएसआयचं ऑफिस २०१६.

या आकड्यांत पहिले दोन अंक वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे. म्हणजे मॅडमचं एक्सेल फेब्रुवारी २०२३ च्या पिढीतलं आणि दादांचं जानेवारी २०२४ च्या. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना अकरा महिन्यांचं अंतर.

चौथा रकाना मात्र सगळ्यांत बोलका. क्लिक-टू-रनच्या आठही मशीनवर एकच वाक्य होतं: ‘यू आर अप टू डेट’.

अण्णांना ते पटेना. “आठ ठिकाणी आठवेळा बरोबर म्हणतंय, मग चुकतंय कुठं?”

मी म्हटलं, “अण्णा, तुमच्या घरी पाणी कधी आलं?”

“परवा.”

“मॅडमच्या?”

मॅडम आतून म्हणाल्या, “आमच्याकडं उद्या येणार आहे. आज चौथा दिवस.”

सोलापूरकराला यापुढे चॅनेल समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी एकच, पण प्रत्येक भागाचा व्हॉल्व वेगळा आणि पाळीही वेगळी. आपल्या भागाला परवा पाणी आलं म्हणजे पाळी चुकलेली नाही. शेजारच्या पेठेत आज आलं हा आपला प्रश्न नाही. ऑफिस ‘अप टू डेट’ म्हणतं ते आपल्या व्हॉल्वपुरतं. बीटावाल्याला पाणी सगळ्यांत आधी, तेही गाळायच्या आत. करंटला महिन्यातून एकदा तरी, तयार झालं की लगेच. मंथली एंटरप्राइझला महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी, दुसऱ्या मंगळवारी. सहामाहीला नवी सोय वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, मधल्या काळात फक्त सुरक्षेपुरतं. आठही मशीन खरं बोलत होती. एकमेकांबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

योगायोगाने तो दुसऱ्या मंगळवारचा दुसरा दिवस होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळवारी सकाळी दहाला अपडेट सुटतं तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून आपला ‘पॅच मंगळवार’ बुधवारी सकाळी उजाडतो, आणि त्या दिवशी माझा फोन जरा जास्तच वाजतो.

सूत्र कुठून आलं

डिसेंबरमध्ये अण्णांचा भाचा घरी आला होता. पुण्यात इंजिनिअरिंग करतो. मामाचं ऑफिस बघून त्याला वाटलं, इथे सगळं जुनाट आहे. त्याने ऑफिस डिप्लॉयमेंट टूल, म्हणजे ऑफिस हवं तसं बसवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, उतरवलं, त्याच्या छोट्या मजकुराच्या फाइलीत चॅनेलच्या जागी बीटा लिहिलं आणि चार मशीनवर चालवलं. तीन बीटावर गेली. चौथं मॅडमचं होतं, ते काही दिवसांत आपोआप परत सहामाहीवर आलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ते का परत आलं, याचं उत्तर माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी एका अपडेटनंतर मॅडमचा बँक स्टेटमेंट वाचणारा अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला जोडलेला छोटा प्रोग्राम, बंद पडला होता. तेव्हा मी घाईत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, धोरण लिहून त्या मशीनचं चॅनेल सहामाहीला खिळवून टाकलं. महिन्याभरात अ‍ॅड-इन सुधारला. खिळा काढायचं मी विसरलो. धोरणातून आलेला हुकूम बाकी सगळ्या सेटिंगच्या वर असतो, त्यामुळे भाच्याने काहीही लिहिलं तरी ऑफिसने ऐकलं माझंच. म्हणजे या घोळात एक टोक भाच्याचं आणि दुसरं माझं. अण्णांना हे मी तिथल्या तिथे सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे बिल निम्मं?” मी हसण्यावारी नेलं.

आता सूत्राकडे. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्सेलच्या बीटा चॅनेलवर ‘ग्रुपबाय’ नावाचं फंक्शन दिलं. एका ओळीत पार्टीनिहाय बेरजा करून देतं, पिव्होट टेबल, म्हणजे बेरजांचा वेगळा तक्ता, मांडायची गरज नाही. भाच्याने ते जानेवारीच्या सुरुवातीला फोनवर दादांना शिकवलं. दादांना ते फार आवडलं आणि त्यांनी ऑर्डर शीटमधलं जुनं पिव्होट काढून त्या जागी ग्रुपबाय बसवलं. चांगल्या मनाने केलेलं काम.

मंगळवारी संध्याकाळी फाइल सेव्ह झाली तेव्हा बेरीज ५९८ होती. तेव्हा बीटाबाहेरच्या एक्सेलला ग्रुपबाय हा शब्दच माहीत नव्हता. अशी फाइल तिथे उघडली की सूत्राच्या आधी ‘_एक्सएलएफएन’ असा जोड लागलेला दिसतो, पण सेलमध्ये शेवटचा काढलेला आकडा तसाच राहतो. सेलवर क्लिक करून सूत्र बघितल्याशिवाय काही बिनसलंय हे कळत नाही. धोका नेमका इथे आहे. चूक दिसली असती तर बरं झालं असतं.

गोडाऊनच्या पोराने फाइल उघडली, उशिरा आलेले चौदा कार्टन ओळीत भरले आणि प्रिंट दिली. आकडा बदलला की एक्सेल पुन्हा हिशोब करतं, तेव्हाच ‘#नेम?’ यायला हवं होतं. आलं नाही, कारण त्या मशीनवर सकाळी सगळ्यांत आधी उघडतं ते सुताच्या स्टॉकचं भलं मोठं रजिस्टर. ते जड आहे म्हणून कुणीतरी त्याचं कॅल्क्युलेशन ‘मॅन्युअल’, म्हणजे सांगितल्याशिवाय हिशोब करायचा नाही असं, करून ठेवलेलं. आणि एक्सेलची रीत अशी की पहिल्यांदा उघडलेल्या फाइलीचा जो बाणा, तोच त्या बैठकीत बाकी सगळ्या फाइलींना. त्यामुळे ऑर्डर शीटनेही हिशोब केला नाही, जुनी बेरीज तशीच छापली. ५९८.

मग पोराने फाइल सेव्ह केली. मॅन्युअलमध्येसुद्धा सेव्ह करण्याआधी एकदा हिशोब करायचा, ही खूण मुळातच टिकलेली असते. तेव्हा एक्सेलने ग्रुपबाय मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ‘#नेम?’ लिहून फाइल बंद झाली. पोरगा तोवर प्रिंट घेऊन उठला होता. सकाळी मॅडमनी उघडली ती ही फाइल.

आणि दादांनी उघडली तेव्हा? त्यांचं एक्सेल नवं. जुन्या एक्सेलने सेव्ह केलेली फाइल समोर आली की नवं एक्सेल सगळा हिशोब पहिल्यापासून करतं. त्याला ग्रुपबाय येतं. म्हणून ६१२.

तिन्ही आकड्यांचा असा छडा लागल्यावर मला त्या फाइलीचं जरा कौतुकच वाटलं. कुणीही खोटं बोललं नव्हतं. दादा म्हणाले, “सर, तरीच महिनाभर काही न करता फाइल बंद केली तरी सेव्ह करू का म्हणून विचारायचं.” हो, ती आवृत्त्यांच्या या तफावतीचीच पहिली खूण होती. उघडताना सगळं पुन्हा मोजलं गेलं म्हणून फाइल बदलली असं एक्सेल धरून चालतं. मला हे महिनाभर आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, पण असल्या गोष्टीसाठी कोण फोन करतो?

परत कुठे यायचं

अण्णांचा पहिला उपाय सरळ होता. “सगळ्यांना तेच नवीन टाका की. नऊच्या नऊ सारखी झाली, प्रश्न मिटला.”

ऐकायला बरोबर. पण बीटा चॅनेल हे चाखून बघण्यासाठी असतं. मायक्रोसॉफ्ट त्यावर अधिकृत सहाय्य देत नाही आणि त्यातली फंक्शन्स पक्की होण्याआधी बदलू शकतात, हे ते आधीच सांगून ठेवतात. इथे लोकांची एक गल्लत होते. ‘करंट चॅनेल (प्रीव्ह्यू)’ नावाचं आणखी एक चॅनेल आहे. नावात प्रीव्ह्यू असलं तरी त्याला सहाय्य मिळतं, कारण ते पुढच्या काही दिवसांत सगळ्यांना जाणाऱ्या आवृत्तीचा आधीचा घास असतं. बीटा ही चुलीवर अजून शिजत असलेली भाजी. २०२० मध्ये ही नावं बदलली, त्याआधी ‘इन्सायडर’ वगैरे म्हणायचे, त्यामुळे जुने लेख वाचून कुणी काही करायला गेलं की कुठलं कुठं जाऊन पडतं.

मला २०१० ची दिवाळी आठवली. तेव्हा मी नवी पेठेत एका डीटीपीवाल्याकडे काम शिकत होतो. त्याने ऑफिस २०१० चं फुकट बीटा वर्षभर वापरलं, लग्नपत्रिकांचे सगळे मजकूर त्यात. पक्कं ऑफिस बाजारात आल्यावर त्याचं अपडेट उतरवून आम्ही बीटावर चढवायला गेलो, तर ‘अपेक्षित आवृत्ती या संगणकावर सापडली नाही’ असं उत्तर. तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ठिगळ पक्क्या कापडासाठी कापलेलं होतं आणि खाली होतं कच्चं. ३१ ऑक्टोबरला त्या बीटाची मुदत संपली. पाच दिवसांवर लक्ष्मीपूजन. मजकूर दिसत होता, बदलता येत नव्हता. बीटा पूर्ण काढून नवं बसवेपर्यंत दोन रात्री गेल्या. मालकाने मला त्या दोन रात्रींचे पैसे दिले नाहीत, फराळ मात्र भरपूर दिला.

अण्णांना ही गोष्ट सांगितली. म्हणाले, “बरं, मग तुमच्या मनानं करा.”

मी मंथली एंटरप्राइझ निवडलं. करंटवर आवृत्ती महिन्यात कधीही येते, दोन मशीन पुढे आणि दोन मागे असं होतं. सहामाहीवर फार मागे राहावं लागतं. महिन्यातून एकदा, ठरल्या बुधवारी, सगळ्यांना सारखं, हे कारखान्याच्या पगाराच्या तारखेसारखं लक्षात राहतं. ज्यांच्याकडे मी देखभाल करतो त्या सगळ्यांना हेच करा असं म्हणणार नाही. एका डिझायनरकडे करंटच बरं.

पण त्याआधी फाइल. मशीन खाली आणण्याआधी बीटावरचं काम बीटाबाहेर चालेल असं करून घ्यायला हवं, नाहीतर सगळीकडेच ‘#नेम?’ दिसलं असतं. दादांच्या मशीनवर बसून ग्रुपबाय काढलं आणि ‘समइफ्स’ लावलं. २००७ पासून आहे, गोडाऊनच्या डबड्यालाही येतं. पार्ट्यांची यादी हाताने टाइप केली. दादांना जरा वाईट वाटलं. मी फाइलीची एक प्रत ग्रुपबायसकट त्यांच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली.

मग बदल. क्लिक-टू-रनच्या फोल्डरमध्ये जो अपडेट करणारा प्रोग्राम असतो, त्याला आज्ञा देऊन चॅनेल बदलायचं आणि लगेच अपडेट चालवायचं. करंटवरची चार मशीन कुरकुर न करता आली. मॅडमच्या मशीनवरचा माझा जुना खिळा आधी काढला, मग तेही आलं. बीटावरच्या तिघांना मागच्या आवृत्तीवर उतरायचं होतं. केबिनमधलं आणि दादांच्या शेजारचं, दोन्ही उतरली. दादांचं मात्र हटेना. चॅनेल बदललेलं दिसायचं, अपडेट लावलं की ‘अप टू डेट’, आणि आवृत्ती तीच २४०१.

अर्धा तास मी इंटरनेटला दोष देत होतो. मग डाउनलोड फोल्डरमध्ये भाच्याची ती छोटी फाइल सापडली. त्याने इंटरनेट वाचवायला बीटाच्या सगळ्या फाइली एकदाच दादांच्या ई ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या आणि त्या मशीनला सांगितलं होतं की अपडेट तिथूनच घे. म्हणजे हे मशीन नळाला जोडलेलंच नव्हतं, घरातल्या टाकीतून पीत होतं. टाकीत नवं काही नाही, म्हणून ‘अप टू डेट’. विचार चांगला होता पोराचा, फक्त टाकी कुणी भरायची हे ठरलं नव्हतं. तिथे मी झटापट केली नाही. ऑफिस पूर्ण काढलं आणि योग्य चॅनेल लिहून, टाकीचा पत्ता न देता, नव्याने बसवलं.

साडेसात वाजले. मॅडमनी कुठूनतरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे केली. मी कॅलेंडरच्या पानावर आवृत्तीचा रकाना खोडून आठ ठिकाणी एकच आकडा लिहिला. पॅकिंग लिस्ट पुन्हा छापली, मामांनी वहीशी ताडून बघितली, मग सही केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीएसटीआर-१ गेला, कंटेनर त्याच्या आधी गेला.

जे राहिलं

गोडाऊनचं मशीन या सगळ्यात बसलं नाही आणि बसणारही नव्हतं. मी अण्णांना सांगितलं की ऑफिस २०१६ चं सहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतंय, त्याआधी ते बदलू. “चालतंय की ते,” अण्णा म्हणाले. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण चालत होतंच. मी फक्त स्टॉक रजिस्टरचं मॅन्युअल काढून ऑटोमॅटिक केलं. फाइल आता उघडायला बराच वेळ घेते आणि तो पोरगा मला त्याबद्दल अधूनमधून ऐकवतो.

भाच्याचा रात्री फोन आला. “काका, मी सगळं बिघडवलं का हो?”

“नाही रे. मला विचारलं असतंस तर एक मशीन वेगळं दिलं असतं.”

“मग द्या ना आता.”

मागच्या खोलीत एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर त्याला बीटा टाकून दिलं. सामायिक फोल्डर तिथून वाचता येतो, लिहिता येत नाही. झाकणावर मी लाल स्टिकर लावला आणि मार्करने लिहिलं, ‘चाखायचं, वाढायचं नाही’. दादा दुपारी जेवणानंतर तिथे जाऊन बसतात आणि आपली ग्रुपबायची प्रत उघडून बघतात.

मामांची वही अजून लाल कव्हरचीच आहे. गेल्या वेळी गेलो तेव्हा तिच्यात कार्टनच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक नवा रकाना ओढलेला दिसला. वर लिहिलं होतं, ‘मशीन काय म्हणतं’.